हवेचं तीर्थ

केरसुणी जमिनीला न टेकवता, छातीसमोर आडवी धरून, एकेक पाऊल जपून टाकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहायचे. सकाळी आठच्या ठोक्याला आमचे मिस्त्री तसे निघायचे. कॉम्प्रेसरपासून सुरुवात, मग हायड्रोजनची नळी, मग रिॲक्टरची तापलेली मान आणि शेवटी मिथेनॉलची टाकी. पहिल्या दिवशी मला वाटलं, यंत्राची दृष्ट काढतायत. मी हसले. त्यांनी केरसुणी माझ्या नाकासमोर धरली.

"हसा. हायड्रोजनची आग उनात दिसत न्हाय. मिथेनॉलची बी दिसत न्हाय. माणूस चालत चालत आत जातंय आन् कातडं पेटल्यावर त्येला कळतंय. त्यापरास ही पेटल्याली बरी."

आणि मग ते वाक्य, जे पुढे तीन वर्षं मी दिवसातून दहा वेळा ऐकलं, "गॅस वळख ठेवत न्हाय, बाई."

मी रसायनशास्त्रात पीएचडी केलेली, राजारामपुरीत मास्तरांच्या घरात वाढलेली मुलगी. ज्वाला अदृश्य असते हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ती शोधायला दहा-वीस रुपयांची केरसुणी पुरते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं काम थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय मिस्त्री कळायचे नाहीत. कोल्हापूरच्या बाहेर एका साखर कारखान्याची डिस्टिलरी आहे. नाव सांगत नाही, अजून काही जणांना लागेल. तिथं मळी आंबवताना कार्बन डायऑक्साइडचे लोट निघतात आणि वर्षानुवर्षं ते आभाळात सोडून दिले जात. आम्ही तो वायू धरायचा, पाणी विजेनं फोडून मिळवलेल्या हायड्रोजनमध्ये मिसळायचा, दाबायचा, तापवायचा आणि तांबं-जस्ताच्या काळ्या गोळ्यांच्या थरातून पाठवायचा. त्या गोळ्या म्हणजे उत्प्रेरक. पलीकडून मिथेनॉल निघतं. त्यापासून इंधन होतं, रंग होतात, प्लायवूडचा डिंक होतो. डिस्टिलरीच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ही छोटी यंत्रणा उभी केली होती. मी तिची प्रमुख, आणि तिचा प्रत्येक नट, प्रत्येक नळी मिस्त्रींच्या हातची.

मिस्त्री हुपरीचे. घराणं चांदीकाम करणारं. तिशीपर्यंत त्यांनी पैंजणांची तार ओढली, सांध्यांना डाग दिले. मग एके दिवशी पाटावरून उठले ते कायमचे, आणि औद्योगिक वसाहतीत फिटर झाले. का उठले, हे कुणाला सांगत नसत. माणूस बुटका, मानेनं रेड्यासारखा, पण बोटं इतकी नाजूक की सुतासारख्या नळीचा जोड ते डोळे मिटून बसवायचे. चांदी धुवायला लागणारा रिठा ते घरून आणायचे, त्याचा फेस जोडांवर लावायचे आणि एकेका बुडबुड्याकडे असं बघायचे की जणू तो त्यांना शिवी देतोय.

आता त्यांच्या हाताबद्दल. मिस्त्री आधी हात सोडायचे आणि मग तोंड. पुण्याहून एक इंजिनिअर आमचा कॉम्प्रेसर तपासायला आला होता. हायड्रोजनच्या सिलिंडरांपाशी उभं राहून त्यानं वाजलेला फोन उचलला. 'हॅलो'मधला 'लो' मला ऐकू आला नाही, कारण तेवढ्यात मिस्त्रींचा पंजा त्याच्या कानावर बसला होता. फोन पाण्याच्या पिपात गेला. इंजिनिअर तणतणत ऑफिसात गेला, माफी हवी म्हणाला. कारखान्याच्या साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं.

"माफी मागतो की," मिस्त्री म्हणाले. "पर फोन पिपातच ऱ्हाऊ दे."

मलाही त्यांनी सोडलं नाही. एक दिवस ते जेवायला गेले असताना मी रिॲक्टरच्या मानेवरचा एक जोड स्वतःच आवळला आणि दाब चढवला. मी वाकून काटा बघत होते. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी मला असं ढकललं की मी दोन हात लांब काँक्रीटवर जाऊन पडले आणि मनगट मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानांनी ऐकू आला. त्याच क्षणी तो जोड निसटला, गोळी सुटावी तसा वर गेला आणि छताच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला. मी जिथं वाकले होते तिथूनच गेला.

"मनगाट मोडलं?" मिस्त्रींनी विचारलं. "बरं झालं. मुंडकं ऱ्हायलं न्हवं."

दोन लोखंडी पाने आणि स्वतःचा टॉवेल बांधून त्यांनी माझा हात ताठ केला आणि दवाखान्यापर्यंत मला शिव्या घालत आणलं. जोड कुणी आवळला, असं त्यांनी विचारलं. मी, असं मी सांगितलं. "मग रडू नगासा," म्हणाले. त्यानंतर महिनाभर त्यांच्या बायकोनं केलेले डिंकाचे लाडू हुपरीच्या एसटीतून माझ्यासाठी येत होते. ते त्यांनी पाठवायला सांगितले होते का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हे सगळं मार खाणाऱ्यांनाही पटायचं, कारण रागाला खरं निमित्त असायचं. एकच राग मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात शिरायचा नाही. बाटल्यांचा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काही रसायन भरलेलं दिसलं की मिस्त्री ती भिंतीवर आपटायचे. माझा पंधरा दिवसांच्या मेहनतीचा नमुना त्यांनी असाच पायरीवर फोडला, कारण बरण्या संपल्या म्हणून मी तो पाण्याच्या बाटलीत ठेवला होता. मी त्यांना जंगली म्हणाले. तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या बारा बरण्या होत्या आणि प्रत्येकीवर लाल रंगानं फुली मारलेली होती.

उत्प्रेरकाच्या गोळ्या भरताना मात्र ते मवाळ असायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "ह्या गोळ्या आत करत्यात काय?" मी सांगितलं की कार्बन डायऑक्साइड फार सुस्त वायू आहे, कुणाशी लवकर जोडला जात नाही. नुसती उष्णता आणि दाब दिला तर किती मारलं तरी हलत नाही. गोळ्यांच्या अंगावर टेकला की हायड्रोजनशी सोयरीक जमते. गोळ्या तशाच राहतात.

त्यांनी गोळी चिमटीत फिरवली. "म्हंजे मारल्याबिगर बी काम हुतंय म्हणा की."

"मार लागतोच. पण कमी लागतो."

"आमच्यात आसलं कोण भेटलं न्हाय," ते म्हणाले आणि पुढची पिशवी फोडली.

आता बसाप्पा. तो डिस्टिलरीकडून आम्हाला मिळालेला ऑपरेटर, ऊर्ध्वपातनाचा स्तंभ सांभाळायचा. मूळचा नेसरीच्याही पलीकडच्या, कन्नड-मराठी मिसळून बोलणाऱ्या गावचा, इथं उचगावात खोली घेऊन राहिलेला. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. तीस वर्षं दारूच्या कारखान्यात काढली आणि दारूचा थेंब ओठाला लावला नाही. मळी सडवून होते ती अपवित्र, असं त्याचं सरळ मत होतं. मला तो अक्का म्हणायचा. शेडमध्ये मिस्त्रींनी कधीही हात न लावलेला तो एकटाच होता. मिस्त्री म्हणायचे, "त्येला मारायचं कुठं? सगळं बरोबर करतंय बेनं."

पहिलं मिथेनॉल निघालं तो शनिवार होता. नळाच्या तोंडाशी थेंब जमला, लांबला, पडला. मी रडले, हे लपवत नाही. तीन वर्षांचं काम होतं ते. बसाप्पानं हात जोडले. त्याच्या घरी गुऱ्हाळ होतं, आणि गुऱ्हाळात पहिल्या काहिलीचा गूळ आधी देवाला आणि मग आल्या-गेल्याला. तो म्हणाला, "अक्का, पैलं निघाल्यालं देवाम्होरं ठेवूया." मला ते फार आवडलं. दुपारी कारखान्याचे संचालक येणार होते, फोटो निघणार होते. पहिलं मिथेनॉल एका लहान काचेच्या बाटलीत भरून आम्ही कंट्रोल रूममधल्या शंकराच्या तसबिरीपुढं ठेवलं. बसाप्पानं विभूती लावली आणि झेंडूचा हार घातला. बाटलीवरचं लेबल, त्यावरची कवटीची खूण, सगळं हाराखाली गेलं.

मिस्त्री पाना घेऊनच आत आले. ते बाटलीकडे निघाले तेव्हा मी आडवी आले आणि त्यांचं मनगट धरलं. तोवर त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

"सोडा, बाई. फोडतो."

"पाहुणे दारात आहेत. आजचा एक दिवस राग गिळा."

"देवाम्होरं ठेवल्यालं कोण ना कोण तोंडात घालतंयच."

"लेबल आहे त्यावर. सगळी मोठी माणसं आहेत, मिस्त्री. आणि ही पूजा आहे. तुम्ही असे पाना घेऊन..." माझा आवाज चढला होता. बसाप्पा बाजूला फूल धरून उभा होता.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुम्ही शिकल्याल्या," म्हणाले आणि बाहेर गेले.

मग मी भाषण केलं. आजही ते मला पाठ आहे आणि विसरता आलं तर मी काहीही देईन. मी म्हणाले, "यात मळी नाही, आंबवणं नाही, सडवणं नाही. नुसती हवा आणि पाणी." टाळ्या पडल्या. हे विष आहे, हे एक वाक्य मी बोलले नाही. त्या दिवशी ते शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी दहाला बसाप्पा पाळीवर आला. एप्रिलचं ऊन होतं, शेडचे पत्रे तडतडत होते. दारात उभा राहून तो डोळे चोळत म्हणाला, "आज धुकं लई पडलंय की."

मी कागदात डोकं घातलं होतं. माझ्या लक्षातही आलं नाही. मिस्त्रींच्या हातातली केरसुणी खाली पडली. ते तीन ढांगांत त्याच्यापाशी पोचले आणि त्याची गचांडी धरली.

"काय प्यालास?"

"काय न्हाय ओ. रातीपासनं पोटात दुखतंय, उलट्या..."

मिस्त्रींनी मारलं. एक, दोन, तीन. नाकातून रक्त आलं. शंकराची शपथ घातली, पुन्हा मारलं. मी ओरडत त्यांच्या पाठीला लटकले, त्यांनी मला झटकून टाकलं. "बोल. कालची बाटली कुठं हाय?"

तसबिरीपुढं हार होता, बाटली नव्हती.

"तीर्थ घेटलं," बसाप्पा रडत म्हणाला. "दिवा लावताना तीन पळ्या घेटलं. उरल्यालं टाकायचं कसं, देवाम्होरलं, म्हणून पाण्यातनं प्यालो. दारू न्हवं ती. अक्काच म्हणली की, हवा आन् पाणी हाय."

तुम्ही मला विचाराल, तेव्हा तुला काय वाटलं? काही वाटलं नाही. मी हार उचलून त्याखाली पाहिलं.

मिस्त्रींनी त्याचे खिसे फाडले. वरच्या खिशात औषधाची एक चिमुकली बाटली निघाली, त्यात थोडं होतं. घरच्यांसाठी ठेवलेलं, सोमवार शंकराचा म्हणून सोमवारी द्यायचं. मिस्त्रींनी ती दाराबाहेर दगडावर अशी घातली की काच आमच्या अंगावर उडाली. मग माझ्याकडे वळून पहिल्यांदाच ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, उतारा सांगा."

उतारा मला माहीत होता. मिथेनॉल स्वतः जेवढं करतं त्याहून वाईट ते यकृतात मोडल्यावर होतं, आणि ते मोडलेलं डोळे खातं. यकृताला साधी दारू मिळाली तर ते आधी तिच्या मागे लागतं, मिथेनॉल तसंच राहतं आणि हळूहळू निघून जातं. शहरातल्या एका दवाखान्यात माझी शाळेतली मैत्रीण डॉक्टर आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "शुद्धीवर आहे ना? मग शुद्ध इथेनॉल पाण्यातून पाजायला लाग आणि घेऊन ये. वेळ घालवू नकोस."

आमच्या कपाटात शुद्ध इथेनॉल होतं. मी ते मोजून पाण्यात मिसळलं. गाडी मी चालवायला घेतली, मागच्या सीटवर ते दोघं.

बसाप्पाला वासावरूनच कळलं. त्यानं दात आवळले. "न्हाय. दारू न्हाय. मरतो. अक्का, सांगा त्येस्नी, मरतो मी."

"मरायचं आसंल तर मंगळवारी मर," मिस्त्री म्हणाले आणि त्याच्या छातीवर बसले. आरशात मला सगळं दिसत होतं. त्यांनी त्याचं नाक दाबलं, जबड्यात पान्याचा दांडा घातला. दात तुटल्याचा आवाज आला. बसाप्पानं त्यांचं बोट चावलं, हाडापर्यंत. ते बोट तसंच तोंडात ठेवून मिस्त्री दुसऱ्या हातानं ओतत राहिले. घशात अडकून गुदमरेल म्हणून मी पुढून ओरडत होते, हळू, हळू. बसाप्पा मधेच कन्नडमध्ये आईला हाक मारत होता. उचगावच्या पुलापासून दवाखान्यापर्यंत मिस्त्री त्याला एकच गोष्ट सांगत होते, "गीळ, माझ्या राजा. गीळ." त्यांच्या तोंडून असे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. त्यांच्या बोटाला पट्टी, सदऱ्यावर दोघांचं रक्त. मी म्हणाले, "तुम्हाला धुक्यावरून लगेच कसं कळलं?"

"लगीच कुठं. वाटच बघत हुतो, कवा कोण काय पितंय त्येची. तीस वर्सं." ते समोरच्या भिंतीशी बोलत होते. "थोरला भाऊ माझा. चांदीला चमक द्यायचं जहरी पाणी आसतंय न्हवं, ते मी सोड्याच्या बाटलीत भरून ठेवलंतं. भांडं घासायचा कंटाळा. त्यो उनातनं आला. मी पाटावर बसलोतो, पाठ करून. 'गार हाय काय रं?' म्हणला. मी म्हणलो, व्हय. मला वाटलं, माठाचं इचारतोय."

मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं की काल तुमचा पाना मी अडवला, हे माझ्यामुळे झालं. ते जाणून होते. तरी मी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

बसाप्पा जगला. डोळे मात्र पुरते वाचले नाहीत.

मग जे व्हायचं ते झालं. बसाप्पाचे भाऊबंद आले. त्यांनी सुजलेलं तोंड पाहिलं, तुटलेला दात पाहिला आणि गळ्यात लिंग असलेल्या माणसाला मिस्त्रीनं दारू पाजली, हे ऐकलं. त्यांनी कारखान्याचं फाटक अडवलं. मिस्त्री एकटे बाहेर गेले आणि मार खाऊन आले. त्या दिवशी त्यांनी हात उचलला नाही, हे फाटकावरच्या वॉचमननं मला सांगितलं. कारखान्यानं चौकशी बसवली. मला एक प्रश्न होता, बाटली पूजेत ठेवू कुणी दिली. मी लिहून दिलं, 'सुरक्षेची जबाबदारी मिस्त्रींकडे होती.' वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते लिहायला सोपं गेलं. स्वतःला मी सांगितलं की प्रकल्प वाचवायला हवा, कार्बनचं काम जगासाठी आहे, वगैरे. खरं कारण एवढंच की मी घाबरले. माझं नाव जाईल म्हणून घाबरले.

मिस्त्रींना काढलं. शेवटच्या दिवशी ते माझ्या दारात आले. मी खुर्चीतून उठले. वाटलं, आता विचारतील.

"दोन नंबरच्या पंपाचा वायसर बदला," म्हणाले. "आठ दिस टिकंल, जास्त न्हाय." आणि गेले. पंप आठव्या दिवशी गळायला लागला.

आमचं काम पुढे चांगलं चाललं. मोठी यंत्रणा आली, टँकर भरून जायला लागले. मी परिषदांना गेले. दोन वर्षं हुपरीचा रस्ता मात्र मी टाळला. मग एक दिवस वॉचमननंच सांगितलं की मिस्त्री गेले. एसटीत कुणी विडी पेटवली म्हणून भांडायला उठले आणि भांडता भांडताच छातीवर हात ठेवून खाली बसले. मला हसू आलं आणि मग बराच वेळ रडू थांबेना. दुसरं कसं मरण त्यांना शोभलंच नसतं.

तेराव्यानंतर मी हुपरीला गेले. गल्लीत घराघरातून चांदी ठोकल्याचा आवाज येत होता. मिस्त्रींच्या बायकोनं मला ओळखलं. लाडूवाल्या वहिनी, एवढंच मी त्यांना म्हणू शकले. त्यांनी मला आत, चांदीकामाच्या खोलीत नेलं. दाराशी, उजेडाच्या तोंडाला, पाटावर कुणीतरी बसलं होतं आणि पैंजणाला घुंगरं ओवत होतं. कपाळावर विभूती होती.

"ह्येंचाच पाट त्यो," वहिनी म्हणाल्या. "आता बसाप्पा बसत्यात."

त्यांनीच मग सांगितलं. नोकरी गेल्यावर मिस्त्री दर सोमवारी उचगावला जायचे. बसाप्पाची बायको दार उघडायची नाही. बाटवलं माझ्या माणसाला, म्हणायची. सहा महिने ते दाराबाहेर उभे राहून परत यायचे. सातव्या महिन्यात एका सोमवारी त्यांनी दाराची कडी लाथेनं उडवली, बसाप्पाला उचलून स्कूटरवर घातलं आणि इथं आणून पाटावर आदळलं. "डोळं गेलं, बोटं हायत न्हवं?" म्हणाले. आठ दिवस दोघं एकमेकांना शिव्या देत होते. नंतर बसाप्पा रोजच्या एसटीनं यायला लागला.

वहिनी चहा ठेवायला गेल्या. मी दारात उभी होते. बसाप्पानं मान वर केली नाही, पण बोटं थांबली.

"अक्का काय?"

"हो." मी एका दमात बोलून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा पळाले असते. "बसाप्पा, त्या दिवशी मिस्त्री बाटली फोडायला आले होते. मी त्यांचा हात धरला. चौकशीत मी ते लिहिलं नाही. त्यांच्यावर घातलं. तुमचे डोळे माझ्यामुळे गेले."

"ठावं हाय," बसाप्पा म्हणाला. "मी तितंच हुतो की, फूल घिऊन."

"मग तुम्ही चौकशीत का बोलला नाही?"

"मला कुणी इचारलंच न्हाय." त्यानं एक घुंगरू बोटांनी चाचपलं, बाजूला टाकलं, दुसरं उचललं. "मिस्त्रीला एकदा म्हणलो, अक्काचं नाव सांगूया. कानाखाली मारलं त्येनं. पैलं आन् शेवटचं, ह्या घरात."

मला बसावंसं वाटत होतं. त्यानं बसायला सांगावं, रागवावं, काहीतरी म्हणावं, असं वाटत होतं. मी तशीच उभी राहिले. बसाप्पानं तार ओठांत धरली, मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे केली आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"अक्का," तो म्हणाला, "वाईच बाजूला सरा की. एवढाच उजेड दिसतोय मला, आन् त्यात तुम्ही उभ्या हायसा."

मी बाजूला सरले.